सव्वादोन किलोमीटरवरचा नेपच्यून

— नाही, त्या बाकावर नको, त्याचा पाय डुगडुगतो. इकडे ये, ह्या पिठाच्या पोत्यावर बस. लहानपणी इथेच बसायचीस तू, ह्याच कोपऱ्यात, आई वर्गावर असली की. तुला कुठलं आठवायला, चार वर्षांची होतीस. मी कणकेचा गोळा द्यायचे, त्याचे तू उंट करायचीस — उंट कसले, चार पाय आणि वर दोन ढेकळं, पण आम्ही आपलं उंट म्हणायचो. ओळखलं कसं म्हणून काय विचारतेस, दारात उभी राहिलीस तेव्हाच कळलं. तुझ्या आईचं, दुल्माबाईंचं कपाळ आहे ते. चहा घे. मीठ जास्त झालं असेल तर सांग, शहरातले लोक कमी घालतात म्हणे. आणि मी हात चालू ठेवते हं, राग मानू नकोस — साठ पोरं आहेत वसतिगृहात, पाच वाजले की वाडगे घेऊन उभी राहतात.

आई गेल्या शरदात गेली म्हणालीस ना? मागचे एकोणपन्नास दिवसांचे विधी सगळे नीट झाले? — बरं झालं. छातीचंच दुखणं असणार. त्या शहरातला धूर तो. इथे होती तेव्हा वाऱ्याच्या वरताण आवाज होता तिचा, मैदानाच्या ह्या टोकाला हाक मारली की त्या टोकाचं पोर वळून बघायचं. बाजारात मोजे विकायची, हे कानावर आलं होतं माझ्या. भेटायला नाही गेले. दोनदा शहरात जाणं झालं, दोन्ही वेळा बाजाराच्या दारापर्यंत — नाही गेले.

तो चौकशीचा कागद राहू दे. चष्मा नाही माझ्याजवळ, आणि त्यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे मला. लिहिला तेव्हा मी त्याच खोलीत होते. ट्रंकेत सापडला तुला? जपून ठेवला होता म्हणजे. आणि तू एवढा दोन दिवसांचा रस्ता तुडवत आलीस ते हे विचारायला, की आपल्या आईनं त्या मुलीला खाऊ बांधून वादळात का पाठवलं. — हे बघ, वादळात कुणी पाठवलं नाही. आधी एवढं नीट समजून घे. त्या सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, वारा म्हणून नव्हता, कुत्री भिंतीशी उन्हाला पडली होती. एप्रिलचा महिना. इथल्या एप्रिलवर विसंबायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चार दिवस ऊन पडलं की सगळेच विसरतात.

तुझ्या आईला पुस्तकातली सूर्यमाला आवडायची नाही. म्हणायची, सगळे ग्रह एका पानावर खेटून बसवलेत, जेवायला बसलेल्या पोरांसारखे, हे खोटं आहे. पोरांना अंतर कळायला हवं आणि अंतर डोक्यानं कळत नाही, पायानं कळतं. तर ती एक दिवस इथे आली आणि म्हणाली, हांदाताई, मला तुमचा सूर्य द्या. मला काही कळेना. तिनं मोठ्या कढईच्या झाकणाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, बाई, मग रस्सा कशानं झाकू? तर म्हणाली, पाट ठेवा, सूर्य एकच आहे. अशी होती. सगळं मोजून-मापून आणलं होतं तिनं — झाकण जर सूर्य, तर पृथ्वी म्हणजे माझ्या बरणीतला एक सुका वाटाणा, आणि तो वाटाणा झाकणापासून पंचाहत्तर मीटरवर. गुरू म्हणजे बटाटा, जवळजवळ चारशे मीटरवर. शनी म्हणजे जरा लहान बटाटा, त्याला घोड्याच्या केसांचं कडं. आणि शेवटचे दोन, युरेनस आणि नेपच्यून — मेंढीच्या घोट्याची हाडं, पोरं हिवाळाभर खेळतात ती, एक हिरवट रंगवलेलं, एक निळं. पोरं हसली, बाई, हाड कुठं गोल असतं. म्हणाली, मग घासून गोल करा. आठवडाभर पोरं फरशीवर हाडं घासत होती, मला वाटलं दात पडतील माझे त्या आवाजानं. आणि नेपच्यून कुठे, तर सव्वादोन किलोमीटरवर. ती म्हणायची, शहरातल्या शाळांना हे जमायचं नाही, तिथे नेपच्यून कुणाच्या तरी दुकानात शिरेल, आपल्याकडे मैदान आहे. एवढी खूश होती. आपल्याकडे काही तरी आहे असं म्हणणारी इथे पहिलीच बाई ती.

आता तू म्हणशील, दहा वर्षांचं पोर एकटं सव्वादोन किलोमीटर. चौकशी समितीतले साहेबही तसंच म्हणाले. पण हे कळप राखणाऱ्यांची पोरं गं, सहाव्या वर्षी कोकरांमागे ह्याच्या दुप्पट जातात नि उन्हं कलायच्या आत परत येतात. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मुख्याध्यापकांनाही नाही. नंतर म्हणाले, मला विचारलंच नव्हतं. विचारलं होतं, मी साक्षीला होते, हसून म्हणाले होते की मला प्लूटो करा, मला कुणी मोजत नाही.

ती मुलगी सारूल. शरदात आली होती, दुसऱ्या जिल्ह्यातनं, तिच्या घरच्यांनी कुरणासाठी मुक्काम हलवला म्हणून शाळा बदललेली. बोलायची नाही. उद्धट नव्हती, नुसतीच बोलायची नाही. जेवायची, वाडगा विसळायची आणि त्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. नव्या वर्षाच्या सणाला घरी गेली तेव्हा आईनं सांगितलं होतं की मार्चच्या सुट्टीत न्यायला येईन. आली नाही. येणार कशी, खिंडीत बर्फ, मेंढ्या विणीला आलेल्या, ती स्वतः पोटुशी. सगळी पोरं घरी गेली, राहिली ही आणि आणखी दोघं. ते आठ दिवस ती माझ्याकडे बटाटे सोलायला यायची. साल कशी एका तारेत काढायची. मी बडबडायचे, ती ऐकायची. तुझ्यासारखीच.

तर ग्रह वाटायचे होते त्याच्या आदल्या दिवशी तुझी आई शाळा सुटल्यावर इथे आली — चेहरा असा उजळलेला. म्हणाली, हांदाताई, सारूलनं आज हात वर केला. सबंध वर्षात पहिल्यांदा. विचारलं, नेपच्यून कोण होणार, तर बाकीची पोरं नको म्हणाली, लांब उभं राहायचा कंटाळा, सगळ्यांना पृथ्वी नाही तर गुरू हवा, आणि तेवढ्यात हिचा हात वर. तुझ्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. दोघींनी चहा प्यायला त्यावर.

दुसऱ्या दिवशी दहाला निघाले सगळे. शाळेच्या फाटकाशी झाकण घेऊन तुझी आई उभी, आणि तिथनं तांबड्या टेकडीच्या दिशेनं ओळ — दुसऱ्या बाजूंना विजेचे खांब आहेत, ओढा आहे, तीच एक दिशा सपाट. एकेक पोर आपापल्या जागेवर थांबत गेलं. ठरलं असं होतं की ती झाकणावर ऊन पकडून कवडसा टाकणार आणि ज्याच्यावर कवडसा येईल त्यानं रुमाल हलवायचा. मी ह्या दारातनं बघत होते. बुध हलला, शुक्र हलला, वाटाणा धरलेली मुलगी नुसती नाचत होती. युरेनसचा रुमाल ठिपक्याएवढा. मग नेपच्यूनला कवडसा टाकला. रुमाल नाही. पुन्हा टाकला. तुझ्या आईला वाटलं, पोहोचली नसेल. दहा मिनिटं थांबली. मग युरेनस झालेला गाल्त नावाचा मुलगा होता, तो पळत परत यायला लागला, हातवारे करत, आणि शनीपाशी आला तेव्हा त्याचं बोलणं ऐकू आलं. म्हणत होता, नेपच्यून थांबत नाहीये. नेपच्यून चाललाय.

तोवर वायव्येला आभाळ पिवळं झालं होतं. तुला शहरात काय कळणार तो पिवळा रंग. उभी भिंत येते धुळीची, आणि तिच्या मागं बर्फाचे खडे. तुझी आई ओरडली, पोरांना आत घ्या, झाकण तिथेच टाकलं आणि पळत सुटली. पळताना तिच्या डोक्यावरचा रुमाल गेला तो मी पाहिला. मग काही दिसलं नाही. घोडेवाले निघाले, मोटारसायकलवाले निघाले आणि परत आले, हात समोर धरला तर दिसत नव्हता. तुझ्या आईला संध्याकाळी ओढ्याच्या काठाशी धरलं, भलत्याच दिशेला चालत होती, हाका मारत, आवाज गेलेला. डाव्या हाताची दोन बोटं थंडीनं तेव्हाच गेली तिची. — तुला मशीनमध्ये गेली म्हणून सांगितलं होतं? असेल. असं सांगणं सोपं.

सारूल दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. अकरा किलोमीटरवर, कोरड्या नाल्याच्या काठाखाली, वारा लागणार नाही अशा जागी बसलेली. शहाणी मुलगी, जागा बरोबर निवडली होती. पण अंगात साधा शाळेचा डगला होता, कारण ऊन होतं ना सकाळी.

तिसऱ्या दिवशी तिचे आईबाप आले. बाप बाहेर घोड्याजवळच उभा राहिला. आई आत आली, सातवा-आठवा महिना असेल तिला. रडली नाही, ओरडली नाही, कुणाला बोल लावला नाही. एवढंच विचारलं की माझी मुलगी उपाशी तर नव्हती ना. आणि तुझी आई म्हणाली, नाही, उपाशी नव्हती, तिच्याजवळ खाऊ होता, मी बांधून दिला होता. ती बाई मान हलवून म्हणाली, बरं झालं. बस, एवढंच. आणि त्याच एका वाक्यावरनं पुढे तो कागद झाला. समितीनं म्हटलं, खाऊ दिलात म्हणजे मुलगी लांब जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं. दयेपोटी बोललेलं वाक्य, आणि त्याचा — आठ बोर्त्सोग गं, आठ कणकेचे तळलेले तुकडे, त्यावर कुणी घर सोडून जात असतं का —

काय?

पाच लिहिलेत? कागदावर पाच. — हो. पाच सापडले. तिनं तीन खाल्ले असणार. सापडले तेवढेच लिहिणार ना ते.

आठ कुठनं आले म्हणजे — आठ म्हणजे, साधारण मूठभर — मूठभर किती होतात, सात-आठ —

थांब, हे पीठ जरा बाजूला ठेवते.

मी मोजून दिले म्हणून आठ. तुझ्या आईनं नाही, मी दिले. ह्याच कढईतले. तुझ्या आईनं त्या मुलीला काही दिलं नव्हतं, काही ठाऊकही नव्हतं तिला, कसं असणार, तिला वाटत होतं पोरीनं ग्रहासाठी हात वर केला. त्या सकाळी सारूल आली माझ्याकडे, सगळी पोरं डगले घालत होती तेव्हा. म्हणाली, नेपच्यून लांब आहे, भूक लागेल. मला हसू आलं. एवढं लांबलचक वाक्य तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी पिठाच्या पोत्याचा तुकडा फाडला, आठ बोर्त्सोग मोजले, तिच्या डगल्यात खुपसले. मग तिनं विचारलं, आमची माणसं आता कुठे आहेत? माझा मावसभाऊ त्या बाजूनं मांस घेऊन येतो, त्याच्याकडून कळलं होतं, त्यांनी वसंताचा मुक्काम तांबड्या टेकडीपल्याड टाकलाय. मी हातातल्या डावानं दाखवलं, ह्या खिडकीतनं, ती बघ टेकडी, तिच्या मागेच. तिनं विचारलं, लांब आहे? मी म्हटलं —

मी म्हटलं, जवळच आहे.

पोर बिचारं एकटं, तिला बरं वाटावं म्हणून. लांब आहे असं कसं सांगू? स्वच्छ हवेत ती टेकडी हात लांबवला तर लागेल अशी दिसते. चोवीस किलोमीटर आहे. तुझी आई आठवडाभर पोरांना अंतर शिकवत होती, वाटाणे घेऊन, बटाटे घेऊन, एकेक पाऊल मोजून — आणि मी डावानं दाखवलं, जवळच.

नाही, तेव्हाही काही वाटलं नाही. ती गेली, मी रस्सा ढवळत राहिले. गाल्त ओरडत आला तेव्हा मला कळलं. पण तेव्हा तरी बोलावं की नाही? घोडेवाल्यांना सांगावं, टेकडीकडे जा, ती घरी निघालीय, सरळ टेकडीच धरून जा? ते ओढ्याकडे शोधत होते, वाऱ्याबरोबर भरकटली असेल म्हणून. मी — मला वाटलं, आत्ता सापडेल. आत्ता सापडेल, मग कशाला बोलायचं. असं करत करत अंधारून आलं. सकाळी सांगितलं मी, माझ्या मावसभावाला, हळूच, की टेकडीच्या बाजूला एकदा बघ. म्हणून दुपारी सापडली. पण मी सांगितलं ते सकाळी.

आणलं तिला तेव्हा डगला सोडायला तुझी आईच पुढे झाली, हाताला पट्ट्या असताना. मी गरम पाण्याचं भांडं घेऊन शेजारी. डगल्यातनं पुरचुंडी निघाली, पोत्याच्या कापडाची, त्यावर गिरणीचा अर्धा शिक्का. असलं कापड ह्या गावात एकाच ठिकाणी असतं. तुझ्या आईनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बोर्त्सोग काढून तसराळ्यात ठेवले आणि कापड मुठीत घेऊन आपल्या अंगरख्यात सारलं. कुणाला दिसलं नाही, माझ्याशिवाय.

आता ते वाक्य पुन्हा ऐक. ती पोटुशी बाई विचारत होती, माझी मुलगी उपाशी तर नव्हती ना — ते ती मला विचारत होती. तुझ्या आईला नाही, मला. स्वयंपाकीण मी. माझ्याकडे तोंड करून विचारलं तिनं. आणि मी म्हटलं, मला माहीत नाही. अगं, एक शब्द तर द्यायचा होता, तेवढ्यानं त्या बाईला आयुष्यभराचा दिलासा झाला असता, आणि मी तो दिला नाही, कारण तो शब्द दिला असता तर पुढचं सगळं निघालं असतं. तेव्हा तुझ्या आईनं तिचं तोंड माझ्यावरनं आपल्याकडे वळवलं आणि म्हणाली, मी बांधून दिला होता.

समितीपुढं मला विचारलं, मुलगी काही बोलली होती का. मी म्हटलं, ती मुलगी बोलायचीच नाही. सगळे हो म्हणाले, खरंच बोलायची नाही. तुझी आई माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती, तिच्या हाताच्या पट्टीचा वास मला येत होता. तिनं माझ्याकडे मान वळवली नाही. तिला विचारलं, खाऊ का दिला? ती म्हणाली, पोरांना भूक लागते. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, आणखी काही सांगायचंय? नाही म्हणाली. शिकवायचा परवाना गेला, कायमचा.

का केलं तिनं असं, ते मला विचारू नकोस. सतरा वर्षं मी तेच विचारते आहे. तिला वाटत असेल, फाटकाबाहेर नेलं मी, दोष माझाच. वाटत असेल, हांदाची तीन पोरं ह्याच वसतिगृहात वाढतायत. पण तिलाही तू होतीस की. — नको, तसं बघू नकोस माझ्याकडे. नाही, बघ. बघितलंस तरी चालेल.

हवं तर तो कागद इकडे दे, मागच्या बाजूला लिही सगळं, मी खाली सही करते. गावात साक्षीदारही मिळतील. पोरं माझी मोठी झाली, धाकटा खाणीत लागला, वसंतात मला निवृत्त करणारच आहेत. आता सही करायला माझं काही जात नाही. — हो. तेच तर. आता काही जात नाही.

जाताना काही बोलली का? बोलली. ट्रक इथेच बाहेर उभा होता, तुला पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसवलेलं, तुझ्या मांडीवर पातेलं दिलं होतं धरायला. मी मुद्दाम पाठ करून कढई घासत होते. पावलं दारात थांबलेली कळली. मी वळले नाही. मला वाटलं, आता म्हणेल, हांदा, तू पाप केलंस. म्हणावं असंच वाटत होतं मला. ती म्हणाली, "हांदाताई, पोरांना खिशात खाऊ देणं बंद करू नका." आणि गेली.

मी बंद केलं. त्याच दिवसापासून. नवी पोरं येतात शरदात, त्यांना काय ठाऊक, घरच्या आठवणीनं डोळे सुजलेली असतात, ह्या दारात येऊन हात पुढं करतात. मी म्हणते, जेवायच्या वेळी ये, टेबलावर बसून खा, माझ्यासमोर. बाहेर तुकडा न्यायचा नाही. कुणी विचारलं, आमची माणसं कुठे आहेत, तर मी म्हणते, मला माहीत नाही. सतरा वर्षांत किती हात मागे गेले असतील. तुझ्या आईनं माझ्याकडे एवढं एकच मागितलं होतं. सगळं स्वतःच्या डोक्यावर घेऊन एवढं एकच मागितलं, आणि तेही —

वाडगा राहू दे, मी विसळते. राहू दे म्हटलं ना. तुझा गाडीवाला चार वाजता निघतो आणि कुणासाठी थांबत नाही. ऊठ. मला पीठ लाटायचंय.

जा तू आता.